वीतभर भिंत

१

सरलाबाईंनी वाळकी काडी डब्यात खोचली तरी तिला पान फुटतं, असं गॅलरीतल्या बायका म्हणायच्या. त्यात थोडी थट्टा होती, थोडं खरंही होतं. सुरतेत कतारगामातल्या त्या जुन्या इमारतीत खाली हिरे घासायचे कारखाने आणि वर एकेका खोलीचे संसार. खोल्यांपुढची गॅलरी इतकी अरुंद, की समोरून कुणी आलं तर एकाला अंग चोरून भिंतीला टेकावं लागे. तेवढ्या जागेत सरलाबाईंनी शेत केलं होतं. तेलाचे कापलेले डबे, रंगाच्या रिकाम्या बादल्या, बूड गेलेलं घमेलं, कठड्याला तारेनं बांधलेले डालड्याचे डबे. त्यांत मेथी, शेपू, मिरच्या, कोथिंबीर, भरताची दोन वांगी आणि कठड्यावर चढवलेला पापडीच्या शेंगांचा वेल.

माती तापीच्या काठची. नवरा सुकदेव लूमवर कामाला होता. सुट्टीच्या दिवशी तो सायकलच्या कॅरियरवर गोणी टाकून गाळ आणायचा आणि जिना चढताना धापा टाकत म्हणायचा, "लोके सुरतले कमावाले येतस, अन् मी माटी वाही ऱ्हायनू." सरलाबाई हसून गोणी उतरवून घ्यायच्या. दुपारभर साड्यांना टिकल्या चिकटवून बोटं आखडली की त्या मातीत हात घालून बसत. चोपड्याकडच्या माहेराची आठवण यायची ती तेवढ्यापुरतीच.

प्लेगचं साल सरून दोन हिवाळे झाले होते. त्या हिवाळ्यात नंदुरबारला दिलेली लेक, हर्षदा, पहिल्या बाळंतपणाला आली आणि तिला मुलगा झाला. बाळंतिणीला पालेभाजी ताजी हवी म्हणून सरलाबाईंनी मेथी दाट पेरली. तशी दाट मेथी आली नसती, तर ती गोष्ट त्यांच्या डोळ्यांत भरलीही नसती.

सकाळी पाणी घालता घालता त्यांचा तांब्या थांबला. गॅलरीला ऊन बाहेरून येई, कठड्याकडून. रोपांनी तिकडे मान काढायला हवी होती. पण मेथीचं एकूण एक रोप आत, खोलीकडे कललं होतं.

"वाऱ्यानं झालं असेल," सरलाबाई स्वतःशीच म्हणाल्या आणि त्यांनी सगळे डबे उलटे फिरवून ठेवले.

दुसऱ्या दिवशी मेथी पुन्हा आत पाहत होती.

२

बाई चिकित्सक होती. एखादं बी का रुजलं नाही हे कळेपर्यंत तिला चैन पडायचं नाही. भिंतीचा पांढरा चुना चमकत असेल आणि रोपांना तोच उजेड वाटत असेल, असं धरून त्यांनी भिंतीवर जुनी काळी छत्री उघडून टांगली. काही फरक पडला नाही. खालच्या कारखान्यांतल्या घंट्या, म्हणजे हिरे घासायची चाकं, दिवसभर गरगरत, सगळी इमारत बारीक थरथरायची. त्यानं होत असेल म्हणावं, तर कारखाने बंद असतात त्या रविवारीही मेथी कललेलीच.

मग त्यांनी एक डबा उचलून खोलीत ठेवला, दारापाशी. उजेड फक्त दारातून येत होता. दोन दिवसांत रोपांनी दाराकडे पाठ केली आणि उजव्या हाताच्या भिंतीकडे माना वळवल्या. त्या भिंतीवर ना खिडकी, ना झरोका. एक देव्हाऱ्याची फळी, एक कॅलेंडर, आणि खाली सुकदेव टेकून बसायचा तिथे पडलेला तेलकट डाग.

"तुम्ही बसतस तठे काही से का?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

सुकदेव पाठीशी चाचपून बघत म्हणाला, "मनी पाठ से. दुसरं काय ऱ्हाई?"

त्या भिंतीपलीकडे शांताबाईंची खोली होती. शांताबाई जालन्याकडच्या, नवरा बांधकामावर मुकादम. सरलाबाई डबा घेऊन त्यांच्याकडे गेल्या.

"दोन दिवस ठेवून घ्या. आमच्याकडे उजेड कमी पडतो."

"ठेवा की बाई. पण माझी पोरं पानं खुडतील, सांगून ठेवते."

तिसऱ्या दिवशी शांताबाईच डबा घेऊन दारात आल्या. "अगं माय, तुमची मेथी आमच्या घरात रुसून बसली बघा. समोर एवढं दार उघडं, अन् ही तुमच्या भिंतीला तोंड लावून!"

सरलाबाई हातातलं काम सोडून उठल्या. इकडून ठेवलं तर मेथी त्या भिंतीकडे बघत होती. पलीकडून ठेवलं तरी त्याच भिंतीकडे. म्हणजे तिला ना यांच्या घरातलं काही हवं होतं, ना त्यांच्या.

शेवटी एक डबा त्यांनी गच्चीवर नेला, बरोबर त्या भिंतीच्या माथ्यावर. संध्याकाळपर्यंत तिथली मेथी आडवी झाली. मरगळून पडली म्हणावं तर देठ ताठ होते. पोटावर पालथं पडून कुणी विहिरीत डोकावावं, तशी ती स्लॅबमध्ये बघत होती.

३

भिंत तरी केवढी? सरलाबाईंनी दोन्ही खोल्यांची दारं उघडून गॅलरीतून हात लावून पाहिला. एक वीत. वर गिलावा धरूनच. तिच्यात उंदीर राहिला तरी त्याला वळायला जागा मिळायची नाही.

उंदराचं नाव मनात आलं ते उगीच नाही. भिंतीतून अधूनमधून खरवडल्यासारखा आवाज यायचा. प्लेगनंतर सुरतेत उंदराचा आवाज कुणी हसण्यावारी नेत नसे. सुकदेवनं कोपऱ्यात औषध ठेवलं होतं, त्याला कुणी तोंड लावलं नव्हतं. आता सरलाबाई तो आवाज कान देऊन ऐकू लागल्या. उंदीर कुरतडतो तेव्हा त्याला घाई असते. या आवाजाला नव्हती. चार वेळा खरवडायचं, थांबायचं. मग पुन्हा. बाजरीची भाकरी खाली लागली की आपण तवा खरवडतो, तसं काहीसं. आणि हा आवाज फक्त दुपारी यायचा, घरातली पुरुषमाणसं कामावर गेली आणि बायका निवांत झाल्या की.

"तुम्हाला येतो का आवाज?" त्यांनी शांताबाईंना विचारलं.

"येतो की. मला वाटलं तुम्हीच खरवडताय काहीतरी. तुमचं मातीचं चालूच असतं."

"मी नाही."

शांताबाईंनी पदर सावरला आणि तांदूळ निवडत विषय बदलला.

खरं सांगायचं तर सरलाबाईंना तोवर भीती वाटत नव्हती. उलट टिकल्या लावता लावता त्यांचं मन सारखं तिथंच जायचं. झाड खोटं बोलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जिकडे उजेड, तिकडे झाड. मग त्या वीतभर भिंतीत उजेड असणार. कुठून येत असेल? कसला असेल? सकाळचा की दुपारचा? भाजीला पुरेल इतका असेल का?

४

बाळाचं पहिल्यांदा हर्षदाच्याच लक्षात आलं.

"माय, हाऊ तिकडेच दखस व."

सरलाबाईंनी मान वर केली. पाळण्यात नव्हे, खाली गोधडीवर बाळ ठेवलं होतं. त्याचं तोंड भिंतीकडे होतं.

"लहान पोरं दखतस एके बाजूले. मान धराले वेळ लागस."

"मी फिराई दिधं ना त्याले. दखा."

हर्षदानं बाळाला उचललं, डोकं दुसऱ्या बाजूला येईल असं ठेवलं. बाळ थोडा वेळ हातपाय हलवत राहिलं. मग त्याची मान वळली. झटका नाही, रडणं नाही. उन्हाबरोबर पान सरकतं तशी, बघताना कळूही नये अशी. थोड्या वेळानं बाळ पुन्हा भिंतीकडे पाहत होतं. डोळे उघडे, अगदी तृप्त.

सरलाबाईंनी त्याला मांडीवर घेतलं, खुळखुळा वाजवला, तोंडापुढे टाळी वाजवली. बाळानं डोळे मिचकावले आणि आजीच्या खांद्यावरून नजर पलीकडे नेली. त्यांनी त्याला गॅलरीत नेलं. तिथं त्यानं त्यांच्या छातीत तोंड खुपसलं. त्यांना बरं वाटलं. मग ध्यानात आलं, त्यांची पाठ खोलीकडे होती. बाळ त्यांना बिलगलं नव्हतं. ते त्यांच्या आरपार बघत होतं.

त्या दिवशी पहिल्यांदा सरलाबाईंना भीती वाटली. महिनाभर त्यांनी लेकीला तीच मेथी खाऊ घातली होती. मेथीची भाजी, मेथीचे लाडू, शेपूची भाजी. लेकीचं दूध बाळाच्या पोटात. त्यांनी चुलीवरची भाजी उतरवली आणि तशीच नेऊन उकिरड्यावर टाकली.

"काय व्हयनं माय?" हर्षदानं विचारलं.

"किडेल निंघनी," त्या म्हणाल्या. लेकीशी खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

भाजी बंद केली तरी बाळाची मान तशीच वळत राहिली.

५

दवाखान्यातल्या बाईंनी बाळाला तपासलं, बोट डोळ्यांपुढून फिरवलं, मान सगळीकडे वळवून पाहिली. "काही नाही हो आजी. छान आहे बाळ." आणि खरंच, दवाखान्यात बाळ ज्याच्या-त्याच्या तोंडाकडे टकमक बघत होतं.

घरी आल्यावर सरलाबाईंनी टांगलेली छत्री काढली, तिची एक काडी मोडून घेतली आणि शांताबाईंना हाक मारली.

"तुम्ही तुमच्या बाजूनं भिंतीकडे बघत उभ्या राहा. आमचं कॅलेंडर आहे ना, बरोबर त्याच्या मागं, खाली. मी इकडून भोक पाडते. काडी आली की सांगा."

"अहो, घरमालक ओरडेल!"

"उंदराचं बीळ शोधतेय म्हणून सांगू."

उंदीर म्हटल्यावर शांताबाई गेल्या. सरलाबाई डागापाशी बसल्या आणि खिळ्यानं गिलावा कोरू लागल्या. हर्षदा बाळाला मांडीवर घेऊन मागं बसली होती. गिलावा सुटला, वीट लागली. वीट कडक असेल, तासभर तरी लागेल, असा त्यांचा अंदाज होता. पण बोटाच्या दोन पेरांएवढंही कोरून झालं नसेल, तोच खिळा भसकन आत गेला. चुरा बाहेर पडला नाही. आत पडला.

उरलेलं भोक आधीच कुणीतरी पाडून ठेवलं होतं. आतून, त्या बाजूनं.

सरलाबाईंनी खिळा खाली ठेवला. मग छत्रीची काडी भोकात सारली. एक वीत गेली. दुसरी गेली. काडी संपली, चिमटीत धरायला टोक राहिलं तेवढंच. पुढे कुठेच टेकलं नाही.

"आली का?" त्यांनी ओरडून विचारलं.

पलीकडून शांताबाईंचा आवाज अगदी जवळून आला. "नाही बाई. काहीच नाही. सुरू केलं का तुम्ही?"

सरलाबाईंनी काडी ओढून घेतली. तिच्यामागून भोकातून उजेड आला. भर दुपारचा, पिवळाधमक. त्यांच्या अंधाऱ्या खोलीत टिकलीएवढा गोल कवडसा पडला, आणि तो पडला नेमका बाळाच्या गालावर.

६

न बघता उठून जाता आलं असतं. पुढे त्या कितीदा तरी मनाशी म्हणाल्या, की तेव्हाच उठायला हवं होतं. पण महिनाभर डोक्यात घोळत असलेल्या प्रश्नाचं उत्तर एका डोळ्याच्या अंतरावर होतं. त्यांनी खाली वाकून भोकाला डोळा लावला.

आधी नुसतं ऊन. मग हिरवं. डब्यांच्या रांगा होत्या, कापलेल्या, कडा आत वळवलेल्या डब्यांच्या. त्यांत मेथी, दाट, टपोरी. आणि ती सगळी मेथी भोकाकडे वाकली होती. पानांच्या पाठी दिसत नव्हत्या. सगळी पानं समोरून, तोंड वर करून सरलाबाईंच्या डोळ्याकडे बघत होती.

रांगांपलीकडे एक बाई उकिडवी बसली होती. पाठमोरी. मेथी खुडत होती. अर्धवट पिकलेला अंबाडा, खांद्यावरून घसरलेला पदर. पाठ ओळखीची वाटली. पण सांगणार कसं? आपली पाठ आपण कधी पाहिलेली असते का?

बाईच्या शेजारी वरून साडीची झोळी टांगली होती. तिच्यात काहीतरी निजलं होतं, वजनानं झोळी ताणली होती. सरलाबाईंना तिच्यात काय चुकतंय ते चटकन कळेना. मग कळलं. झोळी सरळ लोंबत नव्हती. वारा नसताना ती तिरकी, भोकाच्या दिशेनं ओढल्यासारखी, अधांतरी थांबली होती.

बाईचा हात थांबला. तिनं ओंजळीतली मेथी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि शेजारी पडलेली बारीक तार उचलली. मग ती हळूच वळू लागली.

सरलाबाईंनी डोळा काढला. त्या मागं सरकल्या, हर्षदाच्या पायावर आदळल्या. "काय दिसनं माय? काय से?" हर्षदा विचारत होती, पण सरलाबाईंची नजर भोकावर होती.

कवडसा विझला. पलीकडून भोकावर काहीतरी आलं होतं. मग थोड्या वेळानं तारेचं टोक भोकातून बाहेर आलं. सावकाश. इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. कुठे काही लागतं का, हे कुणी जपून बघावं तसं. आणि जसं आलं तसं माघारी गेलं.

मांडीवरचं बाळ हसलं. खुदकन, आवाज करून. ते त्याचं पहिलं हसू.

७

सुकदेव पाळी संपवून आला, तेव्हा मायलेकी गॅलरीत डब्यांमध्ये बसलेल्या होत्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि भोकाला डोळा लावला. "अंधार से," तो म्हणाला. "उंदीरनं बीळ से, दुसरं काही नही." खालून मूठभर सिमेंट मागून आणून त्यानं भोक गच्च बुजवलं, वरून अंगठ्यानं दाबलं.

सकाळी सिमेंटचा तो गोळा खाली फरशीवर पडलेला होता. अख्खा. त्याच्या एका टोकावर सुकदेवचा अंगठा उमटला होता. दुसऱ्या टोकावरही एक अंगठा होता, बारीक, बाईमाणसाचा.

सुकदेवनं तो गोळा हातात फिरवून पाहिला. मग कामावर खाडा केला आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, डिंडोलीला भावाकडे जागा बघायला गेला. तिथं सगळी आपल्याकडचीच माणसं होती, खोली रिकामी होती. दुपारी त्यानं हर्षदाला आणि बाळाला तिकडे नेऊन पोचवलं. रिक्षा इमारतीपासून लांब जाऊ लागली तसं बाळ रडलं, रडून थकलं, झोपलं. उठलं तेव्हा ते चुलतआजीच्या नथीकडे बघत होतं. मग पंख्याकडे. मग आईकडे. हर्षदा त्याला छातीशी धरून बराच वेळ रडली.

दुसऱ्या दिवशी सामान हलवलं. भांडी गेली, पेट्या गेल्या, गाद्या गेल्या. झाडं सरलाबाईंनी स्वतः उपटली. पापडी, मिरच्या, वांगी; फुलावर आलेलं रोप उपटताना त्यांचा हात जड झाला, पण त्यांनी एकही ठेवलं नाही. माती मात्र त्या टाकेनात. सगळी गोणीत भरली, तोंड शिवलं आणि सुकदेवला म्हणाल्या, "ही तापीले परत दी टाका."

मेथीचा एकच डबा राहिला. तो उपटायला त्या बसल्या आणि बसूनच राहिल्या.

ती बाई सारखी त्यांच्या डोळ्यांपुढे येत होती. तिच्या घरीही झोळी होती, म्हणजे बाळंतीण असणार. तिच्या डब्यांतली मेथीही भिंतीकडे वळली, तेव्हा तिनंही डबे फिरवून पाहिले असतील. तिलाही वाटलं असेल, या वीतभर भिंतीत असं आहे तरी काय? आणि आपल्या बाळाची मान वळताना बघून तिनंही चुलीवरची भाजी नेऊन उकिरड्यावर टाकली असेल. त्या भोकातून चाचपणारी तार आठवली की सरलाबाईंच्या अंगावर काटा यायचा. पण त्या तारेत दुष्टावा होता, असं काही केल्या त्यांना म्हणवेना.

किंवा हे सगळं आपल्याला वाटावं, एवढंच तिला हवं असेल. कुणी सांगावं?

त्यांनी डब्याला पाणी घातलं, तो आत नेऊन त्या भिंतीपाशी ठेवला, बाहेर आल्या आणि कुलूप लावलं. ऊन टळटळीत होतं. गॅलरीत कुणी नव्हतं. शांताबाई निरोप नको म्हणून की काय, दार ओढून बसल्या होत्या. सरलाबाई जिन्यापर्यंत पोचल्या, आणि मागं बंद खोलीत डबा सरकला.

पत्र्याचा फरशीवर आवाज. थोडं ओढलं, थांबलं. पुन्हा थोडं ओढलं. जड डबा एकट्या बाईमाणसाला ओढावा लागतो, तसा.

किल्ली त्यांच्या मुठीत होती. मागं वळून दहा पावलं टाकली असती, तर जे इतके दिवस हवं होतं ते सगळं समोर आलं असतं. भोकातून नाही, दारातून. त्यांनी जिन्याचा कठडा धरला. पाय दोन्हीकडे ओढ घेत होते. मग त्या एकेक पायरी उतरू लागल्या.

खाली घरमालक ठाकोरभाई वाट बघत उभे होते. त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला आणि त्यांची नजर वर गेली. वरच्या खोलीतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. मातीला सोसेल असं, जपून, बारीक धारेनं.

"उपर कोण छे, बेन?" त्यांनी विचारलं.

सरलाबाई त्यांच्याशी नेहमी गुजरातीत बोलायच्या. त्या दिवशी तोंडून मराठीच निघालं.

"आमचं कुणी नाही," त्या म्हणाल्या, आणि किल्ली त्यांच्या हातावर ठेवून रिक्षात जाऊन बसल्या.